तानसा ते भातसा : एका जलव्यवस्थेची घडण

कोणतीही मोठी व्यवस्था एकाच आराखड्याबरहुकूम उभी राहत नाही. तिची रचना, तिला वेळोवेळी मिळणारा प्रतिसाद आणि तिचा पूर्वेतिहास या तिहींतून ती घडत जाते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके याचे बोलके उदाहरण होत. येथे पाऊस उदंड. मुंबईची तहान भागविणारी तानसा व भातसा ही धरणेही शहापूर तालुक्यातच. तथापि, उन्हाळ्यात येथील अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. असे का व्हावे?

भूमीची रचना

सह्याद्रीच्या पायथ्याचा हा प्रदेश काळ्या कातळाचा व तीव्र उताराचा आहे. पावसाचे पाणी जमिनीत फारसे न मुरता वैतरणा, तानसा, भातसा, काळू या नद्यांतून खाडीकडे धावते आणि होळीच्या सुमारास विहिरी तळ गाठतात. मात्र हाच कातळ आणि याच दऱ्या धरणांना अनुकूल ठरल्या.

इतिहासाचा ओघ

मुंबईसाठी प्रथम साष्टीतच विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे तलाव बांधण्यात आले. ते अपुरे पडताच शहराची दृष्टी शहापूरकडे वळली. १८९२ साली तानसाचे पाणी केवळ उताराच्या बळावर मुंबईस पोहोचले. जलवाहिनीचा मार्ग एकदा आखला गेला आणि पुढील योजनांची दिशाही जणू ठरून गेली. १९५७ मध्ये वैतरणेवर मोडकसागर, १९७३ मध्ये ऊर्ध्व वैतरणा, १९८० च्या दशकापासून भातसाचे पाणी आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा अशी ही मालिका वाढत गेली. आज मुंबईचे जवळजवळ निम्मे पाणी एकट्या भातसातून येते. मुरबाडच्या बाजूस बारवी धरण उद्योग व शहरांसाठी झाले. त्याची उंची वाढविताना मुरबाड तालुक्यातील गावांना विस्थापन सोसावे लागले.

दोन प्रतिसाद

पाणी आले की शहर वाढते; शहर वाढले की मागणी वाढते आणि मागणीतून नवे धरण उभे राहते. शहरातील टंचाई मीटरवर मोजली जाते, तिची वार्ता तत्काळ होते. पाड्यावरील टंचाई मात्र हंडा घेऊन चालणाऱ्या स्त्रीच्या पावलांत जिरते. झरा आटला की ती आणखी दूरच्या झऱ्यावर जाते. पुढे टँकर येतो, जूनमध्ये पाऊस पडतो आणि टंचाईची नोंद मिटते. शिवाय जलाशय दरीत व पाडे माथ्यावर! जो उतार शहराला साहाय्यभूत, तोच पाड्यांना प्रतिकूल. पाणी वर चढवावयाचे तर पंप आला, विजेचे देयक आले. ते थकले की योजनाही थांबते.

या निदानातूनच उपायांची दिशा दिसते. इगतपुरी तालुक्यातील भावली धरण उंचावर असल्याने तेथून शहापूरच्या गावपाड्यांना उताराने पाणी देण्याची योजना हाती घेण्यात आली आहे. पाणी वर चढविण्याच्या खर्चापासून गावे मुक्त व्हावीत, हे तिचे मर्म होय. तिच्या जोडीला झऱ्यांचे रक्षण, उतारावरील बांधबंदिस्ती आणि प्रत्येक पाड्यावरील विहिरीच्या पातळीची ग्रामपंचायतीत बारमाही नोंद ही कामेही तितकीच आवश्यक आहेत. सव्वाशेहून अधिक वर्षांची ही व्यवस्था एकाएकी पालटणार नाही. परंतु पाड्याची तहान जूनच्या पहिल्या पावसाबरोबर कागदावरून पुसली गेली नाही, तर पुढील योजना आखताना तिची दखल घेणे भागच पडेल.