मैदान सोडू नका, ताटही सोडू नका

30 मे 2025 रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या 17 जणी होत्या. मयूर विहारच्या संजय तलावाकाठी धावणाऱ्या मुलीलाही आता ते स्वप्न पाहता येते. पण सातवी-आठवीत आल्यावर अनेक मुली मैदानापासून दूर जाऊ लागतात. बदलणारे शरीर आणि त्याबद्दलचा संकोच हे त्याचे एक मोठे कारण आहे.

या वयात नेमके काय घडते? साधारण अकरा-बाराव्या वर्षी मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते, वर्षाला सुमारे 8 सेंटिमीटर. आधी हातपाय लांब होतात, धड मागाहून वाढते. म्हणून काही महिने तोल चुकतो, धावण्याची वेळही मंदावू शकते. बहुतेक मुलींची पाळी या वाढीचा वेग ओसरू लागल्यावर सुरू होते. इस्ट्रोजेनमुळे नितंब रुंदावतात, चरबी वाढते. हा आळस नव्हे, ही निरोगी वाढ आहे.

चूक होते ती इथे. वजन वाढले म्हणून मुलगी जेवण कमी करते आणि सराव तसाच चालू ठेवते. ऊर्जा अपुरी पडली की शरीर पाळी थांबवते आणि हाडे कमकुवत होतात. मग पायाच्या हाडाला सूक्ष्म तडे जाण्याचा धोका वाढतो. पाळी थांबणे ही तंदुरुस्तीची खूण नव्हे. सलग तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधराव्या वर्षापर्यंत सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

दम लागण्याचे कारण रक्तक्षयही असू शकतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वयाच्या सुमारे 59 टक्के मुलींत तो आढळला. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी टाळू नका. नाचणी, डाळी, पालेभाज्या आणि सोबत लिंबू ताटात असू द्या.

जागतिक आरोग्य संघटना या वयात रोज सरासरी 60 मिनिटे व्यायाम सुचवते. पाळीतही त्रास नसेल तर सराव करता येतो. मापाची स्पोर्ट्स ब्रा आणि स्वच्छ प्रसाधनगृह या गरजा आहेत, चैन नाही. दिल्लीची हिवाळी हवा बिघडली की सराव घरात करावा.

पालकांनो, प्रशिक्षकांनो, "जाड झालीस" हे शब्द टाळा. वजन सर्वांसमोर घेऊ नका. आज ती किती पुश-अप काढते, किती अंतर धावते, ते विचारा.