लघुउद्योगांसाठी राखीव शासकीय खरेदी : निविदेपासून देयकापर्यंत

शासन जसे नियामक असते, तसेच ते फार मोठे गिऱ्हाईकही असते. कार्यालयातील लोखंडी कपाट, रुग्णालयातील स्ट्रेचर, शाळेतील बाक किंवा रेल्वेला लागणारा एखादा लहानसा सुटा भाग, या सर्वांची खरेदी सार्वजनिक पैशातून होते. हा पैसा कोणत्या कारखान्यापर्यंत पोहोचतो, हा प्रश्न केवळ हिशेबाचा नसून रोजगाराचाही आहे. म्हणूनच शासकीय खरेदीचा काही भाग सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. हे धोरण नेमके काय आहे आणि ते यशस्वी होणे कशावर अवलंबून आहे, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

उपनगरातील गाळे

मुंबई उपनगर जिल्हा या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. अंधेरीतील मरोळची औद्योगिक वसाहत, साकीनाका परिसर, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत गेलेल्या लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या वसाहती, कांदिवलीतील चारकोपची शासकीय औद्योगिक वसाहत आणि बोरिवलीचे औद्योगिक गाळे यांत चार-सहा यंत्रे व आठ-दहा कामगार यांच्या बळावर चालणारे अनेक कारखाने आहेत. कोणी धातूचे सुटे भाग करतो, कोणी प्लास्टिकचे साचे, तर कोणी छपाई किंवा वेष्टनाचे काम. याच जिल्ह्यात, चेंबूर-माहुल भागात, हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम यांचे तेलशुद्धीकरण कारखाने आणि राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स हा सार्वजनिक उपक्रम आहे. खरेदीदार आणि उत्पादक एकाच जिल्ह्यात असूनही त्यांची गाठ सहजासहजी पडत नाही. गाळेधारकाजवळ कसब असते. मात्र मोठ्या निविदेसाठी लागणारी उलाढाल, पूर्वानुभव आणि खेळते भांडवल त्याच्याजवळ नसते.

धोरणाची वाटचाल

लघुउद्योगांना शासकीय खरेदीत वाव मिळावा, हा विचार जुना आहे. राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळाची स्थापना १९५५ मध्ये झाली, तर महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळ १९६२ मध्ये अस्तित्वात आले. येथे दोन प्रकारच्या आरक्षणांत गल्लत होऊ देऊ नये. काही वस्तूंचे उत्पादनच लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्याची पद्धत १९६७ मध्ये सुरू झाली आणि तिच्यातील अखेरच्या वस्तू २०१५ मध्ये वगळण्यात आल्या. खरेदीतील आरक्षण हे त्याहून निराळे असून ते आजही लागू आहे.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने केंद्र व राज्य शासनांना असे खरेदी धोरण जाहीर करण्याचा अधिकार दिला. त्यानुसार केंद्र शासनाचा खरेदी धोरण आदेश १ एप्रिल २०१२ पासून अमलात आला. केंद्रीय मंत्रालये, विभाग व सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी २० टक्के खरेदी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करावी, असे त्यात ठरले. २०१५ पासून हे उद्दिष्ट बंधनकारक झाले आणि २०१९ पासून ते २५ टक्के करण्यात आले. त्यातच ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी व ३ टक्के महिला उद्योजकांसाठी आहे. याखेरीज ३५८ वस्तू केवळ याच उद्योगांकडून घ्यावयाच्या असून, लोखंडी कपाटे, बादल्या व झाडू यांसारख्या नेहमीच्या वस्तू त्या सूचीत आहेत. महाराष्ट्र शासनानेही १ डिसेंबर २०१६ च्या खरेदीविषयक नियमपुस्तिकेत या उद्योगांना प्राधान्य दिले आहे.

अन्य देशांतही असे धोरण आढळते. अमेरिकेने १९५३ मध्ये लघुउद्योगांसाठी स्वतंत्र कायदा केला असून तेथे संघराज्याच्या कंत्राटांपैकी २३ टक्के मूल्याची कंत्राटे लघुउद्योगांना देण्याचे उद्दिष्ट आहे.

पंधरा टक्क्यांचे गणित

आरक्षणामुळे शासनास चढा दर द्यावा लागतो, असा एक समज आहे. उदाहरणाने तो तपासून पाहू. एका सार्वजनिक उपक्रमास १,००० नग हवे आहेत. मोठ्या कारखान्याची लघुत्तम निविदा प्रतिनग १०० रुपयांची आहे. मुलुंडच्या एका लघुउद्योजकाने ११२ रुपये दर भरला आहे. लघुत्तम दरापासून १५ टक्क्यांच्या आत, म्हणजे ११५ रुपयांपर्यंत, त्याचा दर असल्याने १०० रुपये दर मान्य करण्याची संधी त्याला द्यावयाची असते. त्याने तो मान्य केल्यास २५ टक्के, म्हणजे २५० नगांचा पुरवठा त्याच्याकडे जातो. शासनास एक पैसाही अधिक द्यावा लागत नाही. लघुउद्योजकास येथे संधी मिळते, वाढीव दर मिळत नाही. निविदेचे कागद विनामूल्य मिळणे व बयाणा रकमेतून सूट या सवलतीही त्यास आहेत.

मात्र ज्याने ११२ रुपयांचा दर सोडून १०० रुपयांत माल दिला, त्याचा नफा किती उरला असेल, हे सहज लक्षात येईल. अशा वेळी देयक वेळेवर मिळणे हाच त्याचा आधार असतो.

देयकाचा प्रश्न

याच अधिनियमानुसार सूक्ष्म वा लघुउद्योगाकडून घेतलेल्या मालाची रक्कम करारात मुदत असल्यास त्या मुदतीत, परंतु कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत द्यावी लागते. करारात मुदत नसेल, तर ही मर्यादा १५ दिवसांची आहे. मालाबाबत तक्रार असल्यास ती १५ दिवसांच्या आत लेखी कळवावी लागते. अन्यथा माल स्वीकारला असे मानले जाते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज देय होते. हा दर ६ टक्के धरल्यास व्याज १८ टक्के होईल आणि एक लाख रुपयांच्या देयकास सहा महिने विलंब झाल्यास सुमारे ९,३४४ रुपये व्याज द्यावे लागेल. वाद निर्माण झाल्यास सुकरता परिषदेकडे दाद मागता येते.

परंतु ज्या कार्यालयाकडून पुढील मागणीपत्राची अपेक्षा आहे, त्याच्याविरुद्ध दाद मागण्यास लहान कारखानदार धजत नाही. तो कामगारांचा पगार व कच्च्या मालाची उधारी भागवण्यासाठी कर्ज काढतो आणि पुढील निविदेपासून दूर राहतो. अशा रीतीने कागदावरचे आरक्षण व्यवहारात विरून जाते.

आणखी एक बाब विचारात घेण्याजोगी आहे. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची उलाढाल मर्यादा १० कोटी व लघुउद्योगाची १०० कोटी रुपये झाली आहे. २५ टक्क्यांत सूक्ष्म उद्योगांसाठी वेगळा वाटा नाही. त्यामुळे साकीनाक्याच्या गाळेधारकाला कित्येक पटींनी मोठ्या कारखान्याशी राखीव वाट्यातही स्पर्धा करावी लागते.

आपल्या हाती काय आहे?

यातील बरेच काही खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती आहे. निविदेत उलाढाल व पूर्वानुभव यांच्या अटी गरजेपुरत्याच असाव्यात, माल आल्याबरोबर तपासणी व्हावी आणि देयकाच्या नस्तीवर माल स्वीकारल्याची तारीख ठळकपणे नोंदवावी. ४५ दिवसांचे बंधन केंद्रीय उपक्रमांपुरतेच नाही. शाळेसाठी बाक घेणाऱ्या ग्रामपंचायतीनेही ते ध्यानात ठेवावे. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी आपल्या भागातील कारागिरांना उद्यम नोंदणी आणि शासनाची 'जेम' ही ऑनलाइन खरेदी व्यवस्था यांची माहिती द्यावी. नोंदणी निविदा भरण्यापूर्वीच झालेली असावी, हेही त्यांना आवर्जून सांगावे.

राखीव वाट्याची टक्केवारी आदेशाने वाढविता येते. तिचा लाभ कामगाराच्या हाती पडणाऱ्या पगारापर्यंत पोहोचतो की नाही, हे मात्र देयकावर स्वाक्षरी कोणत्या तारखेस होते, यावर ठरते.