चार माणसं, तीन कुत्रे

"आम्ही चौघं आहोत, आणि बरोबर तीन कुत्रे. चालतील ना?" कोकणात, कर्जत-नेरळच्या बाजूला किंवा लोणावळ्यात सुट्टीसाठी घर भाड्याने देणाऱ्यांना असा फोन आता नवा राहिलेला नाही. एका कुत्र्याला आनंदाने हो म्हणणारेही तीन ऐकले की अडखळतात आणि "बघून सांगतो" म्हणून फोन ठेवतात. बघून सांगतो म्हणजे नाही, हे पलीकडच्यालाही कळतं.

ही मंडळी गाडीनेच येणार. रेल्वेत कुत्रा बरोबर बसवायचा तर वातानुकूलित फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर त्याची रवानगी ब्रेक व्हॅनमधल्या पेटीत. तीन कुत्र्यांचा विचारच सोडा. त्यामुळे मुंबई-पुण्याहून चार-पाच तासांत गाठता येतील एवढीच गावं त्यांना मोकळी असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हापासून अलिबागकडचा ओघ आणखी वाढला. गिऱ्हाईक चांगलं आहे. घर मिळणं कठीण असल्यामुळे एकदा सोय पटली की पुन्हा तिथेच येतं. तरी नकार मिळतो, आणि नकाराची कारणं बहुतेक वेळा चुकीची असतात. गंमत म्हणजे होकार देणारेही पुष्कळदा चुकीच्याच भरवशावर देतात.

"जितके कुत्रे तितकं नुकसान"

कुत्र्याने खराब केलेलं दार नीट बघा. ओरखडे आतल्या बाजूला असतात, कडीच्या खाली आणि चौकटीच्या कडेला. मस्ती करताना असे ओरखडे उठत नाहीत. अनोळखी खोलीत एकटं कोंडलेलं, घाबरलेलं जनावर बाहेर पडायची धडपड करतं, त्याच्या या खुणा. गादी फाडणं, पडदा ओढणं, तासभर केकाटणं, सगळ्याचं मूळ बहुधा तेच. हे करायला एक कुत्रा पुरतो. तीन असले म्हणून तिप्पट होत नाही. सोबत आहे म्हणून अजिबात होणार नाही, असंही नाही, कारण भीती मालक दिसेनासा झाल्याची असते आणि दुसरा कुत्रा ती दरवेळी भरून काढत नाही.

म्हणून संख्येपेक्षा महत्त्वाचा नियम एकच: कुत्र्यांना खोलीत बंद करून बाहेर जायचं नाही. सगळे मान डोलावतात. पण बुकिंगच्या वेळीच सरळ विचारावं, "किल्ला बघायला होडीने जाल, तेव्हा कुत्र्यांजवळ कोण थांबणार?" चार माणसांत एक थांबणार असेल तर प्रश्न मिटला. उत्तर "ते राहतात हो व्यवस्थित" असं आलं तर मात्र सावध व्हावं.

भुंकण्याचं गणित वेगळं आहे. एकाने सुरुवात केली की बाकीचे साथ देतात, आणि तिथे संख्या खरोखर मोजावी लागते. भिंतीला भिंत लागून शेजार असेल तर एक कुत्रासुद्धा जास्त होऊ शकतो. बागेच्या मधोमध एकटं घर असेल तर चारही चालतात.

राहिला मळ. समुद्रावरून आलेले तीन कुत्रे म्हणजे घरभर वाळू, हे खरंच. पण त्यावर उपाय आहे तो दाराबाहेरचा नळ, लांब पाइप आणि जुन्या टॉवेलांची चळत. शहाबादी फरशी किंवा लाल कोबा असेल तर काम पुसण्यावर भागतं. कापसाच्या गादीत गेलेले केस निघत नाहीत, तिला रेक्झिनचं कव्हर हवं. शेणाने सारवलेली जमीन पाहुण्यांना फार आवडते, पण कुत्र्याचं मूत तिच्यात जिरतं, वास राहतो आणि त्या वासावर पुढचा कुत्रा तिथेच पाय वर करतो. अमोनिया असलेलं क्लीनर वापरलं तर उलटच होतं, कारण मुताचा वासही थोडाफार तसाच. दुकानात एन्झाइमचे क्लीनर मिळतात, ते हा वास मुळापासून काढतात.

"छोट्या जातीचे चालतील, मोठे नकोत"

दहा किलोची मर्यादा घालणारे बरेच आहेत. ग्रेट डेन दिवसातला बराच वेळ पडवीत आडवा असतो, आणि हातभर उंचीचा टेरियर गेटवरून जाणाऱ्या प्रत्येक सायकलवर धावून जातो. वजनावरून एवढंच कळतं की तो किती खाईल. "बंदी घातलेल्या जाती" हाही असाच अर्धवट ऐकलेला मामला. केंद्राने मार्च २०२४ मध्ये रॉटवायलर, पिटबुल वगैरे २३ जातींविरुद्ध पत्रक काढलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणं ऐकून न घेताच ते काढलं होतं. तरी ती यादी व्हॉट्सॲपवर अजून कायदा म्हणून फिरते.

"एका घरचे तीन काय, तीन घरचे एकेक काय"

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. एका घरात वाढलेल्या तीन कुत्र्यांचं आपसात केव्हाच ठरलेलं असतं: आधी कोण खाणार, कोण कुठे झोपणार, कोणाला चिडवायचं नाही. तीन मित्रांनी मिळून बंगला घेतला आणि प्रत्येकाने आपापला आणला, तर तेच ठरवणं तुमच्या अंगणात व्हायचं असतं. दोन्हीकडे बुकिंगमध्ये आकडा तीनच दिसतो. पहिल्या बुकिंगला मी डोळे झाकून हो म्हणेन. दुसऱ्याला म्हणण्याआधी हे कुत्रे पूर्वी एकमेकांना भेटलेत का, हे विचारेन.

भेटले नसतील तर ओळख गेटच्या आत करून देऊ नये. रस्त्यावर, पट्ट्यात, थोडं अंतर ठेवून एकाच दिशेने चालवत न्यावं. हुंगाहुंगी निवांत झाली की मग आत. जेवणाच्या वाट्या वेगवेगळ्या खोल्यांत, चेंडू आणि हाडं पहिल्या दिवशी बॅगेतच. भांडणं होतात ती जवळजवळ नेहमी खाण्यावरून, खेळण्यावरून किंवा दाराच्या अरुंद तोंडाशी.

पाहुण्यांच्या यादीत न येणारा आणखी एक कुत्रा असतो: तुमचा स्वतःचा. "आमचा मोती कुणाला काही करत नाही" हे माणसांच्या बाबतीत खरं असेल, पण तीन परके कुत्रे त्याच्या पायरीवर चढले की ती पायरी त्याची असते. पाहुणे येतील त्या दिवशी त्याला मागच्या अंगणात ठेवावं. कोंबड्या खुराड्यात हव्यात. शहरातल्या कुत्र्याने कोंबडी पाहिलेली नसते, आणि पहिल्या भेटीत तो तिच्याशी खेळायलाच जातो. खेळ पाच सेकंदांत संपतो, मग सकाळभर पैशांवरून घासाघीस.

घराभोवतीचा गडगा हाही कुंपण नव्हे. माणसाची हद्द दाखवायला रचलेले दगड कुत्र्याला उडी मारायला पायऱ्यांसारखे असतात. पलीकडे वाडीतले कुत्रे असतात, त्यांचीही हद्द ठरलेली. गेट, मागचं दार आणि गडग्याची पडकी बाजू पाहुण्यांना आल्या आल्या हिंडवून दाखवावी.

"फिनाईल मारलं की झालं"

पार्व्होचा विषाणू फिनाईलला दाद देत नाही. कुत्र्याच्या पिल्लांना रक्ताचे जुलाब करून मारणारा हा विषाणू बाधित विष्ठेतून पडतो आणि सावलीच्या, ओलसर जागेत महिनोन्‌महिने टिकतो. गेल्या महिन्यात येऊन गेलेल्या कुत्र्याकडून पुढच्या महिन्यातल्या पिल्लाला तो तुमच्या घरातून लागू शकतो. त्यावर चालतं ते साधं ब्लीच. आधी घाण पूर्ण काढून जागा धुवायची, मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटं जमिनीवर राहू द्यायचं आणि शेवटी स्वच्छ पाण्याने धुवायचं. संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर ते कधीही मिसळू नये, विषारी वायू होतो. ज्या पिल्लांच्या लसी पुऱ्या झालेल्या नाहीत त्यांना घेऊ नये, हे त्यांच्याच भल्याचं.

गोचीड हे दुसरं प्रकरण. कुत्र्याच्या अंगावर दिसते ती थोडी, खरी वस्ती भिंतीच्या फटीत, चौकटीमागे, पलंगाच्या सांध्यात. कुत्र्यावरची ही तपकिरी गोचीड घरातच वाढू शकते, एक मादी हजारांनी अंडी घालते, आणि उपाशी गोचीड महिनोन्‌महिने तग धरते. म्हणजे पाहुणे गेले तरी गोचीड राहते. येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला महिन्याभरात गोचिडीचं औषध दिलं होतं का, हा प्रश्न लसीइतकाच महत्त्वाचा. इथे मात्र संख्या खरंच मोजावी लागते: तिघांपैकी दोघांना औषध दिलेलं असून उपयोग नाही.

लेप्टो उंदरांचा रोग आहे, पण बाधित कुत्र्याच्या मुतातूनही येतो. पावसाळ्यात अंगण धुणाऱ्या बाईंना गमबूट द्यावेत. कुत्र्यांना लेप्टोची लस असते, मात्र ती सगळ्या प्रकारांवर चालत नाही.

"लसीचं पुस्तक बघितलं, आता काळजी नाही"

पुस्तक बघावंच. रेबीजची पहिली लस तिसऱ्या महिन्यात, मग दर वर्षी. शेवटची तारीख वर्षाच्या आतली हवी, आणि तीनही पुस्तकांवर. फोटो आधीच मागवून ठेवावेत, कारण दारात आलेल्या माणसाला परत पाठवणं कुणालाच जमत नाही. पण पुस्तक आहे म्हणून चावा घेतल्यावर हयगय नको. जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. हळद, चुना, तिखट यातलं काही लावायचं नाही. तुमच्या तालुक्यात रेबीजची लस आणि जनावरांचा डॉक्टर कुठे मिळतो, हे घरात लिहून लावलेलं असावं.

चावल्यास जबाबदारी कोणाची? जनावर ज्याच्या ताब्यात, त्याची. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे ताब्यातल्या जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मोती सुटून पाहुण्याच्या पोराला चावला, तर हेच कलम तुमच्याकडे वळतं.

"कुत्र्यांना नाही म्हणता येत नाही, कायदा आहे"

भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांमुळे हा समज पसरला. त्या सूचना हाउसिंग सोसायट्यांसाठी आहेत: तिथे राहणाऱ्याला कुत्रा पाळण्यापासून सोसायटी रोखू शकत नाही. तुमचं घर दोन रात्रींसाठी भाड्याने देताना कोणाला घ्यायचं, किती कुत्रे घ्यायचे, हे तुम्हीच ठरवता. मात्र एअरबीएनबीसारख्या ठिकाणी घर लावलं असेल, तर अपंग व्यक्तीला मदत करणारा प्रशिक्षित कुत्रा तिथे पाळीव प्राण्यांत धरत नाहीत. त्याला नाही म्हणता येत नाही आणि त्याची फीही लावता येत नाही.

"जनावरंच ती, बाहेर पडवीत झोपतील"

हे मालकाला सोयीचं आणि कुत्र्याला जिवावरचं. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, त्यात बिबट्याच्या खाण्यातलं सर्वांत मोठं भक्ष्य निघालं कुत्रा, सुमारे ३९ टक्के. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्नर, संगमनेर, कर्जत किंवा सह्याद्रीच्या पायथ्याचं कुठलंही गाव असो, रात्री कुत्रा घराच्या आत असावा. पडवीत एक बांधला काय आणि तीन काय, बिबट्याला बांधलेला कुत्रा सापडला की पुरे.

दिवसाचा धोका वेगळा. कुत्र्याला घाम फक्त पंजांतून येतो, बाकी बहुतेक उष्णता तो धापा टाकून बाहेर घालवतो. मे महिन्यातल्या कोकणच्या दमट दुपारी ते पुरत नाही. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा बसक्या नाकाच्यांना तर नाहीच. तिघांत एक जरी पग असला, तरी दुपारी पंखा किंवा एसी असलेली खोली तिघांनाही हवी. आंब्याच्या दिवसांत बागेत पडलेल्या कोयी उचलून घ्याव्यात, कुत्रा त्या गिळतो आणि त्या आतड्यात अडकतात. उरलेला कांद्या-लसणाचा रस्सा प्रेमाने घालू नये, कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी. गवतात घोणस आणि फुरसं असतं, आणि कुत्रा आधी नाक घालतो. संध्याकाळी फिरवायचं तर हातात टॉर्च हवा.

"कुत्र्यामागे माणसाइतकंच भाडं"

दर रात्री दर कुत्र्याला पाचशे लावणारे स्वतःचंच नुकसान करतात. गेल्यानंतरची सफाई एकदाच होते. दुसऱ्या-तिसऱ्या कुत्र्याने त्यात तासाभराची भर पडते. मुक्कामाला एक ठरावीक रक्कम आणि परत मिळणारं डिपॉझिट, एवढं पुरतं. डोक्यामागे पैसे लावले किंवा "एकच चालेल" म्हटलं, की लोक एक सांगतात आणि दोन आणतात. मग लपवलेला कुत्रा खोलीत कोंडला जातो, त्याचं लसीचं पुस्तक कुणी मागत नाही, आणि दाराच्या आतल्या बाजूला ते ओरखडे उठतात.

जाहिरातीत "पेट-फ्रेंडली" एवढंच लिहून भागत नाही. कुंपण किती फूट आणि कुठून पडकं, घरचा कुत्रा आहे का, कोंबड्या-मांजरं आहेत का, समुद्र किंवा रस्ता किती जवळ, फरशी कसली, रात्री वीज जाते का, जनावरांचा डॉक्टर किती किलोमीटरवर: तीन कुत्रे घेऊन निघणारा माणूस हे सगळं वाचतो आणि न जमणारं असेल तर आपणच फोन करत नाही.