गाळाचें ओझें कीं पाण्याचें भाडें?

मैलापाणी शुद्ध करण्याचें केंद्र उभारलें कीं नगरपालिकेचें कर्तव्य संपलें, अशी समजूत आपल्याकडे फार रूढ आहे. परंतु पाणी शुद्ध झालें म्हणून त्यांतील घाण नाहींशी होत नाहीं. ती गाळाच्या रूपानें मागें राहते. जानेवारी २०२३ मध्यें मुंबईंत अशा सात केंद्रांची कोनशिला बसली. त्यांची एकत्र शक्ति दररोज सुमारें २,४६० दशलक्ष लिटर मैलापाण्याची आहे. पाणी जितकें अधिक शुद्ध करावें, तितका गाळ अधिक; तेव्हां त्या गाळाचें पुढें काय, हा प्रश्न आतांच विचारला पाहिजे.

व्यापारी वाचकांस याचा हिशेब सांगणें सोपें आहे. टाकींतून निघणाऱ्या शंभर टन गाळांत दोनच टन घन पदार्थ आहे असें धरा. बाकीचें सारें पाणी. हा गाळ शेंकडा २० घन अंश येईपर्यंत पिळून काढला तर शंभराचे दहा टन उरतात. २५ पर्यंत नेला तर आठच. ओल्या कापसास जो व्यापारी कोरड्या कापसाचा भाव देत नाहीं, त्याच्या करांतून नगरपालिकेनें पाण्याचें गाडीभाडें कां भरावें?

हें पाणी सहजासहजीं सुटत नाहीं, हें खरें. गाळाच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युद्भार असतो. त्यामुळें ते एकमेकांस दूर लोटतात. म्हणून धन भाराचें पॉलिमर मिसळून त्यांचे पुंजके बांधावे लागतात. मग कापडी पट्ट्यांत दाबून अथवा वेगानें फिरणाऱ्या यंत्रांत घालून पाणी काढतां येतें. पॉलिमर कमी पडलें तर पुंजके बांधत नाहींत. फाजील झालें तर पैसा जातो आणि गाळही नीट निथळत नाहीं. गाळाचा गुण नेहमीं सारखा नसल्यामुळें हें प्रमाण वरचेवर तपासून ठरविलें पाहिजे. वाळूच्या वाफ्यांवर उन्हांत गाळ वाळविणें स्वस्त खरें. पण आमच्या पावसाळ्यांत उघडे वाफे काय कामाचे? त्यांवर छप्पर हवें.

लंडननें १८८७ पासून आपला गाळ जहाजांत भरून समुद्रांत ओतला. ती वाट १९९८ सालीं बंद झाली. उलट अमेरिकेंतील मिलवॉकी शहर १९२६ पासून गाळ वाळवून खत म्हणून विकत आलें आहे. एकाच वस्तूचा एकानें बोजा केला, दुसऱ्यानें माल केला!

आमच्या सूचना तीन आहेत. पहिली, वाहतुकीचा मोबदला ओल्या वजनावर न देतां कोरड्या घन पदार्थावर द्यावा, आणि किमान घन अंश न आल्यास कपातीचें कलम करारनाम्यांत घालावें. ओल्या टनावर पैसे मिळणाऱ्या ठेकेदारास गाळ कोरडा होण्यांत हित तें कोणतें? आंधळें दळतें नि कुत्रें पीठ खातें, तो हाच प्रकार. दुसरी, प्रत्येक केंद्राचा घन अंश दररोज लोकांपुढें मांडावा. तिसरी, कारखान्यांचें जड धातूंनीं दूषित पाणी गटारांत येऊं देऊं नये. एरवीं कितीही कोरडा केलेला गाळ शेतांत घालण्याच्या लायकीचा राहणार नाहीं.

यांतील पहिल्या दोन सूचनांस नवें यंत्रही लागत नाहीं. कागद, तराजू आणि दक्षता पुरे. पुढील अंदाजपत्रकाच्या वेळीं करदात्यांनीं आपापल्या नगरपालिकेस एवढेंच विचारावें: आम्हीं वाहतुकीचे पैसे दिले ते गाळाचे कीं पाण्याचे?