ताडपत्री आदल्या दिवशी, नाऊकास्ट आला की घरी ⚡



एप्रिल-मे म्हणजे दुपारपर्यंत कडक ऊन आणि चारच्या सुमारास ढग. मोबाईलवर मेसेज येतो, 'पुढील ३ तासांत विजांच्या कडकडाटासह पाऊस'. मग आपण काय करतो? काढून ठेवलेला कांदा झाकायला ताडपत्री घेऊन रानात पळतो. ज्या वेळी घरात असायला हवं, नेमके त्याच वेळी उघड्यावर. म्हणून कोणता अंदाज कशावरून येतो, ते आज थोडं बघू.

हवामान विभाग रंगांचा इशारा पाच दिवस आधीपासून देतो. हवेत बाष्प किती, जमिनीलगत किती तापलंय, वर किती गार आहे, यावरून वादळाला वातावरण पोषक आहे का एवढं कळतं. ढग कोणत्या गावावर उठेल हे त्यातून कळत नाही. वादळी ढग काही किलोमीटरचाच असतो, तासा-दीड तासात संपूनही जातो. त्यामुळे जिल्ह्याला यलो अलर्ट होता आणि आपल्या शिवारात थेंब नाही, म्हणून लगेच अंदाजाला नावं ठेवू नका. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा.

नाऊकास्ट वेगळा. ढग तयार झाला की रडार आणि उपग्रहावर दिसतो, कुठे सरकतोय तेही दिसतं. त्यावरून पुढच्या ३ तासांचा इशारा निघतो. खात्री जास्त, पण हातात वेळ कमी.

तिसरं दामिनी ॲप, पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं. वीज चमकली की रेडिओ लहरी निघतात. ठिकठिकाणचे सेन्सर त्या पकडतात आणि वेळेच्या फरकावरून जागा काढतात. तुमच्या २० ते ४० किमी परिसरात विजा पडत असतील तर ॲप सांगतं. मोबाईलचं लोकेशन चालू पाहिजे मात्र.

*म्हणजे झाकाझाकीचं काम पिवळ्या-नारंगी इशाऱ्यावर, आदल्या दिवशी संध्याकाळीच उरका.* नाऊकास्ट आला की मजूर आणि जनावरं आधी हलवा, दुपारची काढणी थांबवा. रोज पूर्ण द्यायचा की अर्धा, हे सकाळीच ठरवून ठेवा. नाहीतर बायका काम सोडून निघायला कचरतात, आपणही 'एवढा वाफा होऊ द्या' म्हणतो.

रेंज नसेल तर कान आहेतच. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. ३ सेकंद म्हणजे साधारण १ किमी. ३० च्या आत आवाज आला तर पक्क्या घरात किंवा काचा बंद असलेल्या चारचाकीत जा. झाडाखाली नको, उघड्या ट्रॅक्टरवर नको, विहीर-शेततळं आणि तारेच्या कुंपणापासून लांब. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. पाऊस उघडला की लगेच निघायची घाई असते, तीच नडते.

एक गैरसमज: मोबाईल वीज ओढून घेत नाही. चार्जिंगला लावलेला वापरू नका, पण बंदही करू नका. बंद केला तर अलर्ट कुठून येणार?

कुणावर वीज पडलीच तर त्याच्या अंगात करंट राहत नाही, हात लावायला भिऊ नका. स्वतः सुरक्षित आहात ना बघा आणि १०८ ला फोन करा. श्वास बंद असेल तर गाडी येईपर्यंत छाती दाबत राहा.

दामिनी टाकायला अडचण आली तर मोबाईल घेऊन संकलन केंद्रावर या, पाच मिनिटांचं काम आहे.

– तुमचा कृषी सल्लागार