सें-झां-पोर-झोलीचे बूर्गो बंधू

क्युबेक शहरापासून सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण काठाने समुद्राच्या दिशेला सुमारे 100 किलोमीटर गेलं, की कॅनडातलं हे फ्रेंचभाषक गाव लागतं. इथला मेदार बूर्गो (1897–1967) सुताराचा मुलगा. आधी खलाशी झाला, मग वडिलांच्याच धंद्याला लागला. लाकूड कोरणं मात्र त्याला कोणी शिकवलं नाही. 1930च्या सुमारास लोकसंस्कृतीचे अभ्यासक मारियुस बार्बो यांची नजर त्याच्या कामावर पडली आणि त्यांनी त्याला उत्तेजन दिलं. ऐन मंदीचा काळ. मेदारने आपल्या मूर्ती रस्त्याकडेला विकायला मांडल्या. मोटारीतून जाणारे पर्यटक थांबू लागले.

धाकटे भाऊ आंद्रे आणि झां-झ्युलियां हेही कोरायला बसले. मेदारचा ओढा धार्मिक मूर्तींकडे. आंद्रे रमला तो गावच्या शेतकऱ्यांत, त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यांत. पुढे हेच शेतकरी दुकानोदुकानी आठवणवस्तू म्हणून इतके खपले, की मूळ कामातला मिश्कीलपणा नकलांतून पार हरवला. बूर्गोंचा खरा हात पाहायचा तर गावातल्या अठराव्या शतकातल्या चर्चमध्ये जावं: तिथलं लाकडी प्रवचनपीठ मेदार आणि झां-झ्युलियां यांनी 1937 मध्ये घडवलं.

1940 मध्ये सरकारी मदतीने गावात कोरीवकामाची शाळा निघाली. शिकवणारे अर्थातच कधी अशा शाळेत न गेलेले बूर्गो!