खेळाडू वस्ताद होतो

पैलवान जन्मभर कुस्ती खेळत नाही. वय झाले की दम कमी पडतो. मग तो वस्ताद होतो, पोरांना डाव शिकवतो. टेनिसचेही तसेच आहे.

टेनिसमध्ये मैदानाच्या मधोमध जाळी असते. खेळाडू रॅकेटने चेंडू जाळीपलीकडे मारतात. फार पळावे लागते.

आपल्या महाराष्ट्राचे नंदन बाळ हे टेनिस खेळाडू. डेव्हिस करंडक ही देशादेशांतली स्पर्धा १९०० साली सुरू झाली. तीत ते भारताकडून खेळले. पुढे ते भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले. २०२० साली सरकारने त्यांना ध्यानचंद पुरस्कार दिला.

पण ज्याला खेळता येते, त्याला शिकवता येतेच असे नाही. खेळताना हात आपोआप चालतो. शिकवताना मात्र पोराचा पाय कुठे चुकला, हे बघून सांगावे लागते. दहादा सांगूनही चिडायचे नाही.

आमच्या नाशिककडे द्राक्षाची छाटणी जाणणारी जुनी माणसे आहेत. त्यांचे हात थकले, तरी जाण थकलेली नाही. तिने पोरांच्या हातात उतरावे, असे आम्हाला वाटते. नाहीतर ती माणसाबरोबरच जाते.